दोन बोटं गवत

त्या घरात मशीनं दोन होती. एक शिवायचं, एक कापायचं. शिवायचं नवऱ्याचं आणि कापायचं बायकोचं. नवरा शिंपी. दिवसभर खिडकीशी बसून तो डॉक्टरांचे पांढरे कोट शिवायचा. बायको समोरच्या मैदानावरचं गवत कापायची. बाहेरच्या माणसाला हे उलटं वाटायचं. कोणी तसं बोलून दाखवलंच तर ती म्हणायची, "मला सुईत दोरा ओवता येत नाही आणि यांना मशीनची दोरी ओढवत नाही. मग काय करायचं, भांडत बसायचं?"

मैदान होतं पाणीपुरवठ्याच्या वसाहतीतलं. मधोमध उंच खांबांवर टाकी, टाकीभोवती मैदान आणि मैदानाच्या कडेने कामगारांची बैठी घरं. अख्ख्या शहराचं पाणी त्या टाकीतून जायचं आणि टाकीखालच्या घरांना मात्र ते दिवसाआड मिळायचं. दिव्याखाली अंधार असतो, तसा टाकीखाली कोरडेपणा. वसाहतीत तिला सगळे गवतकाकू म्हणत. नवऱ्याला शिंपीकाका म्हणत. दोघांची खरी नावं पगाराच्या दिवशी कचेरीतून हाक आली की तेवढी ऐकू यायची.

गवतकाकू आधी कचेरीत झाडलोट करायची. मैदान म्हाताऱ्या माळीबाबांकडे होतं. माळीबाबा विळ्याने कापायचे, बसल्या बसल्या, पुढे सरकत सरकत. त्यांना घरी बसायची वेळ आली तेव्हा कचेरीने पेट्रोलवरचं मशीन आणलं. नव्या सुनेकडे सासू बघते तसं माळीबाबांनी त्याच्याकडे बघितलं, विळा पोत्यात गुंडाळला आणि ते गेले. मशीन व्हरांड्यात धूळ खात पडलं. कोणी हात लावेना.

एक दिवस झाडताना ते केरसुणीच्या आड आलं. बाजूला करावं म्हणून काकूने हाताला लागली ती दोरी ओढली. मशीन सुरू झालं. आता ते बंद कसं करायचं हे तिला माहीत नव्हतं. कचेरीतही कोणाला माहीत नव्हतं. हातात धरून उभं राहावं तर ते थरथरत होतं, म्हणून ती ते ढकलत निघाली. उतरणीवरून मैदानात गेली आणि पेट्रोल संपेपर्यंत फिरत राहिली. संध्याकाळी साहेबांनी बाहेर येऊन बघितलं तर निम्मं मैदान कापलेलं. साहेब म्हणाले, "वा." तेवढ्या एका शब्दावर तिचं खातं बदललं.

पुढे ती माळीबाबांना भेटायला गेली. त्यांनी चहा दिला आणि एकच गोष्ट सांगितली. "उंबऱ्यात उभं राहिलं की मैदानावरची मुंगी चालताना दिसली पाहिजे. दिसली नाही, तर गवत कापलंच नाही असं समज."

काकूने ते वेदवाक्य मानलं. मशीनच्या चाकांशी उंची कमीजास्त करायचा खटका होता. तो तिने सगळ्यात खालच्या खाचेत टाकला आणि तो तिथेच गंजला. मग खटका नावाची वस्तू आहे हेच सगळे विसरले. तीसुद्धा.

चांगला पाऊस व्हायचा त्या वर्षांत याने काही बिघडलं नाही. मैदान सतरंजीसारखं दिसायचं. काकू संध्याकाळी दारात उभी राहून मुंग्या बघायची. पंप चालवणाऱ्याची बायको, जिला सगळे पंपवाली म्हणत, एकदा विचारायला आली, "काकू, एवढं काय बघता?"

"मुंगी."

"मग?"

"चाललीय."

पंपवाली थोडा वेळ तिच्याशेजारी उभी राहिली. मग दूध उतू जाईल म्हणून निघून गेली.

मग ते कोरडं वर्ष आलं. पाऊस जो गेला तो रुसलेल्या जावयासारखा, परत यायचं नाव नाही. गवत पिवळं पडलं, पण तण मात्र माजलं. त्याला काय, ते दगडातूनही येतं. वाळलेलं गवत पेट घेतं म्हणून कचेरीचा हुकूम होता की मैदान कापलेलंच पाहिजे. काकू कापायची. पण आता पात्याखाली गवत कमी आणि मातीच जास्त. जितकं खरवडावं तितकी जमीन उघडी पडायची, आणि जितकी उघडी पडायची तितकी पुढच्या वेळी धूळ वर यायची. पुढे मशीन आणि गवतकाकू दिसायची, मागे नुसता ढग. ढग आला म्हणजे काकू येऊन गेली, असं लोक ओळखायला लागले.

धूळ सगळ्यांच्याच घरात जायची, पण तिचं माहेर म्हणजे काकूचं घर. ओळीत शेवटचं, वाऱ्याच्या तोंडावर, आणि खिडकी मैदानाकडे. त्या खिडकीखाली शिंपीकाकांचं मशीन.

"खिडकी लावून घ्या," ती म्हणायची.

"लावली तर सुईचं भोक दिसत नाही."

"दिवा लावा."

"दिव्यात पांढरं पिवळं दिसतं."

आणि खोकायचे. आधी सकाळी खोकायचे, मग सकाळ-संध्याकाळ, मग बोलता बोलता. एखादं वाक्य सुरू करायचे आणि खोकल्याने ते मध्येच उसवायचं. पुढे काय म्हणायचं होतं ते खोकला थांबेपर्यंत त्यांनाच आठवायचं नाही.

काकूने उपाय करून पाहिले. तिने काही करायचं बाकी ठेवलं नाही.

आधी तिने तोंडाला ओलं फडकं बांधलं. दोन फेऱ्यांत त्या फडक्याचा चिखल झाला. घरी येऊन फडकं सोडलं की चेहरा अर्धा गोरा, अर्धा मातीचा. शिंपीकाका बघून म्हणाले, "अर्धी तू ओळखू येतेस. बाकीचं मैदान."

मग तिच्या डोक्यात आलं की धूळ आपल्या कपड्यांतूनच घरात येते. तिने पावसाळी कोट काढला, टोपीसकट, आणि भर उन्हात तो घालून मशीन ढकलायला लागली. पंपवालीने खिडकीतून बघितलं, आभाळाकडे बघितलं, आणि धावत जाऊन वाळत घातलेले सगळे कपडे काढले. तिचं बघून पुढचीनेही काढले. अख्ख्या ओळीतल्या दोऱ्या रिकाम्या झाल्या. पाऊस आला नाही. काकूला मात्र कोटाच्या आत घाम असा फुटला की बाहेर पडली ती भिजलेलीच. पंपवाली दोन दिवस बोलली नाही.

मग पाणी शिंपडून बघावं म्हणून ती साहेबांकडे गेली. आताचे साहेब तरुण होते, स्वभावाने वाईट नव्हते.

"साहेब, कापायच्या आधी मैदानावर थोडं पाणी मारलं तर?"

साहेबांनी खिडकीतून टाकीकडे बघितलं. "काकू, हे पाणी शहराचं आहे."

"मग मैदान कोणाचं आहे?"

साहेबांनी यावर बराच विचार केला आणि म्हणाले, "बघतो."

ते बघेपर्यंत काकूने भांडी घासलेलं पाणी झारीत भरून मैदानावर नेलं. शिंपडलं तेवढ्या भागातली धूळ बसली खरी. पण पात्याला चिखलाचे गोळे लागले आणि मशीनने ते असे भिरकावले की कचेरीच्या भिंतीवर ठिपके उठले. ते ठिपके अजून आहेत. नवा माणूस आला की विचारतो, हे कशाचे.

भल्या पहाटे कापून बघितलं, दवाने धूळ दबेल म्हणून. दव नव्हतं. रात्रपाळीहून येऊन नुकतेच झोपलेले पंपवाले मात्र होते. तेही बनियनवर बाहेर येऊन उभे राहिले, ओळीने.  काकूने मशीन बंद केलं. आता ते बंद कसं करायचं हे तिला येत होतं.

एक दिवस डॉक्टरीणबाई कोट न्यायला आल्या. नवा कोट त्यांनी झटकला तर त्यातून धूळ उडाली. त्याच वेळी शिंपीकाकांना उबळ आली. बाईंनी कोट खुर्चीवर टाकला, गळ्यात अडकवलेली नळी कानाला लावली आणि त्यांच्या पाठीला लावून बराच वेळ ऐकलं. काकू चुलीशी ओट्याला टेकून उभी होती.

"हे बघा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "औषध मी देते. पण औषध एकीकडून आणि धूळ दुसरीकडून, असं नाही चालायचं. एक तर धूळ जायला हवी, नाही तर हे जायला हवेत."

"कुठे?" काकूने विचारलं.

"जिथे धूळ नाही तिथे. छातीत घर केलं तर मग निघणार नाही."

धूळ नाही असं ठिकाण काकूला एकच माहीत होतं. तिथे तिची नणंद राहायची. शिंपीकाकांची धाकटी बहीण, नवरा गेलेला, मुलं लांब, मोठ्या तळ्याकाठी एकटीच घर धरून होती. तिच्या गावी धूळ नावाला नव्हती, कारण तिथे कधी काही वाळायचंच नाही. भिंतींना ओल, गादीला ओल, बिस्किटंसुद्धा वाकायची. ती गेली कित्येक वर्षं म्हणत होती, "दादाला माझ्याकडे पाठव. तुझ्याकडे त्याचे हाल होतात." आता तिला कारण मिळालं. फोनवरच म्हणाली, "पुढच्या आठवड्यात येते. पिशवी घेऊन येते त्याच्या कपड्यांना."

"पाऊस पडेपर्यंत राहू दे, वन्सं," काकू म्हणाली.

"पावसाचं काय मला सांगतेस वहिनी, तो पडतो का? दादा एकदा आला की राहीलच. त्याला इथलं पाणी मानवेल."

काकूला नवरा कुठे पाठवायचा नव्हता. सगळा जन्म तिने खिडकीतून त्यांचं मशीन ऐकत आणि त्यांनी तिचं ऐकत काढला होता. तिचं बंद झालं की ते मान वर करायचे. त्यांचं बंद झालं की ती मागे वळून बघायची. दुसरा रस्ता होता तो म्हणजे आपणच गवत सोडायचं. साहेबांना विचारलं तर ते म्हणाले, "झाडलोटीची जागा आहे. पण काकू, केरसुणीने काय धूळ उडत नाही?" म्हणजे आगीतून फुफाट्यात. आणि खरं सांगायचं तर, मशीनचा दांडा दुसऱ्या कोणाच्या हातात दिसावा हे तिला सोसणारं नव्हतं. हे तिने कोणाला सांगितलं नाही. दोन्ही हवं असणं हा काही गुन्हा नाही, पण बोलून दाखवलं की हावरटपणा वाटतो.

शिंपीकाकांना न सांगताच कळलं. एक दिवस जेवण झाल्यावर ते गळ्यात टेप अडकवून व्हरांड्यात गेले आणि गवताच्या मशीनसमोर उकिडवे बसले.

"काय करताय?"

"माप घेतोय. धूळ खालून उडते ना? मग खालून झाकायचं." त्यांनी मशीनच्या भोवती टेप फिरवली. गिऱ्हाईकाला विचारावं तसं विचारलं, "सैल ठेवू की अंगाबरोबर?"

"अहो, ते काय लग्नाला जाणार आहे?"

"सैलच ठेवतो. चालायचं असतं त्याला."

जुन्या जाड पडद्याचा त्यांनी मशीनला झगा शिवला. खाली दुमड, वर नाडी, मागे चुण्या. कोणालाही आवडावा असा झगा होता. दुसऱ्या दिवशी काकूने तो मशीनला घातला तेव्हा पंपवाली दोन शेजारणींना घेऊन बघायला आली. मशीन झगा फडफडवत निघालं. धूळ खरंच उडाली नाही. कापलेलं गवतही उडालं नाही. ते झग्यात साठलं, साठत गेलं, मशीन धापा टाकायला लागलं, आणि मग एका चुणीला पात्याने धरलं. पुढचं सगळं झटक्यात झालं. झगा आत गेला आणि बाहेर चिंध्या आल्या. मशीन बिचकून एका बाजूला गेलं आणि जुन्या नळाच्या खुंटावर आपटलं. पुढचं एक चाक तुटलं.

काकूने चिंध्या गोळा करून घरी आणल्या. शिंपीकाकांनी एक चिंधी उजेडात धरून निरखली.

"शिवण कुठेही उसवलेली नाही," ते म्हणाले. "कापड फाटलंय, शिवण नाही."

"तेवढं समाधान," काकू म्हणाली.

तसलं चाक गावात मिळेना. दुकानदार म्हणाला, मागवावं लागेल, येईल तेव्हा येईल. इकडे तण वाढत होतं आणि साहेब सांगून गेले होते की मोठे साहेब पाहणीला येणार आहेत. तेव्हा काकूला माळ्यावरची बाबागाडी आठवली. नातू केव्हाच मोठा होऊन लांब गेला होता. गाडी वर पडून होती. चाकं रबरी, मजबूत. शेजारचा फिटर म्हणाला, भोक थोडं मोठं करून एक चाक बसवून देतो.

"एक नको," शिंपीकाका खिडकीतून म्हणाले. "चारही बसव."

"काका, तीन चांगली आहेत की."

"एक बाही लांब आणि एक आखूड असं मी आजवर शिवलं नाही. आमच्या घरातून बाहेर पडेल ते चारी बाजूंनी सारखं पडेल."

शिंप्याशी वाद घालून उपयोग नाही, त्याच्या तोंडात टाचण्या असतात. फिटरने चारही चाकं बसवली, पाना लावून काढता येतील अशी. बाबागाडीची चाकं मशीनच्या चाकांहून मोठी. मशीन वर उचललं गेलं, दोन बोटं.

काकूने त्या चाकांवर मैदान कापलं आणि उंबऱ्यात उभी राहिली. मुंगी दिसली नाही. काहीच दिसलं नाही. तणाचे शेंडे उडाले होते, पण गवत होतं तिथेच उभं, दोन बोटं उंच, विस्कटलेलं, झोपेतून उठलेल्या पोरासारखं. पंपवाली जाता जाता म्हणाली, "काकू, कधी कापणार?"

काकू आत गेली आणि तिने दार लावून घेतलं. माळीबाबा नव्हते हे एक बरं होतं.

लाजेच्या भरात तिला दुसरं काही सुचलंच नाही. तोंड धुवायला ती मोरीत गेली, पाण्याचा हात तोंडावरून फिरवला, आणि पाणी स्वच्छच खाली पडलं. तिने पुन्हा फिरवला. स्वच्छच. बाहेर शिंपीकाका कोटाची कॉलर लावत होते आणि काहीतरी सांगत होते, शेजारच्या फिटरबद्दल, लांबलचक. ती मोरीतून ऐकत राहिली. गोष्ट सुरू झाली, मध्ये गेली आणि शेवटापर्यंत पोचली.

"अहो," ती बाहेर येऊन म्हणाली, "तुम्ही खोकला नाहीत."

"गोष्ट चांगली होती," ते म्हणाले. मग कोटावरून हात फिरवून त्यांनी तळवा बघितला. तिच्याकडे बघितलं. मग दोघांनी खिडकीतून त्या विस्कटलेल्या मैदानाकडे बघितलं. गवत माती धरून बसलं होतं.

इतकं उघड होतं की दोघांनाही बोलायची लाज वाटली.

आता हे इथेच संपायला हवं होतं. पण माणूस एवढा सरळ असता तर काय हवं होतं. दोन दिवसांनी दुकानदाराने चाक आलं म्हणून निरोप पाठवला. त्याच संध्याकाळी रिकामी पिशवी घेऊन नणंदबाई उतरल्या. आणि त्याच संध्याकाळी साहेब दारात येऊन म्हणाले, "काकू, उद्या मोठे साहेब येतायत. हे असं बरं नाही दिसत. पूर्वी कसं मस्त असायचं, तसं पाहिजे. तुमच्या हातचं."

तुमच्या हातचं म्हटलं की काकू विरघळायची. हे साहेबांनाही माहीत नव्हतं, ते सहज बोलले.

नणंदबाईंनी चहा घेता घेता खिडकीच्या फळीवरून बोट फिरवलं, कपाटावरून फिरवलं, भावाच्या चष्म्यावरून फिरवलं.

"दादा, किती वाळलास रे."

"तुझ्या गावी आलो की भिजेन."

"थट्टा नको. वहिनी, उद्या तू कापणार आहेस ना? मी या खिडकीत बसते. हा माझा रुमाल इथे पसरते." पांढरा रुमाल त्यांनी फळीवर पसरला आणि चारी कोपरे सरळ केले. "कापून झालं की बघू काय रंग येतो. मग दादाच ठरवेल."

"दादाने ठरवलंय," शिंपीकाका म्हणाले.

"काय?"

"आधी कोट पुरा करायचा."

सकाळी काकू मशीन घेऊन बसली. एका बाजूला बाबागाडीची चाकं, दुसऱ्या बाजूला मशीनची तीन जुनी आणि एक कोरं. हातात पाना. मनाशी म्हणाली, आजचा एकच दिवस. मोठे साहेब येऊन जातील, मग परत मोठी चाकं लावू. एका दिवसाने काय होतंय. वारा पडलेला आहे. तिने जुनी चाकं लावली. माणूस स्वतःची समजूत घालायला बसला की त्याच्याइतकं ऐकणारं दुसरं कोणी नसतं.

मैदानाच्या पलीकडच्या कडेने तिने सुरुवात केली. पात्याखालून तोच ओळखीचा आवाज आला, करकरीत, मातीला घासणारा. मागे वळून बघितलं तर पट्टा कसा निघाला होता! सरळ, गुळगुळीत, सतरंजी. त्यावरून एक मुंगी चाललेली तिला खरंच दिसली. तिचा ऊर भरून आला. आणि मग मुंगीच्या वर ढग दिसला.

वारा पडलेला नव्हता, तो फक्त उशिरा उठला होता. ढग उठला, टाकीच्या खांबांमधून आरामात गेला आणि शेवटच्या घराकडे वळला. त्याला रस्ता पाठ होता. काकू दांडा धरून बघत राहिली. खिडकीत नणंदबाई होत्या. त्यांनी लगेच पदरासारखं काहीतरी नाकाशी धरलं. त्यांच्याशेजारी शिंपीकाका उठून उभे राहिले. आता खिडकी लावतील, काकूला वाटलं. त्यांनी लावली नाही. मशीनवरचा पांढरा कोट उचलला, एका चादरीत नीट गुंडाळला, बाजूला ठेवला. मग परत खुर्चीवर बसले. ढग आत आला. त्यांनी कापड झाकलं होतं, तोंड नाही. तोंड उघडं ठेवून ते तिच्याकडे बघत होते आणि हात हलवत होते, की चालू दे.

काकूने मशीन बंद केलं.

मैदानाच्या मध्यावर येऊन तिने ते उलटं केलं, घरून बाबागाडीची चाकं आणि पाना आणला आणि जुनी चाकं उतरवायला लागली. पंपवाली दारात आली.

"काकू, काय झालं? मोडलं?"

"नाही."

"मग?"

"माझं चुकलं, ते काढतेय."

"मोठ्या साहेबांची गाडी आली की हो फाटकात!"

"येऊ दे. त्यांना सांग वळसा घालून जा."

पंपवालीने ते सांगितलं नाही, पण कौतुकाने तोंडावर हात ठेवला. काकूने चारही चाकं बदलली. गाडीतून मोठे साहेब उतरले, त्यांच्यामागे आपले साहेब, त्यांच्यामागे कागद धरणारा माणूस. काकू उभी राहिली, हात पुसले आणि दोरी ओढली. दोन बोटं उंचावरून मैदान कापत ती त्यांच्यासमोरून गेली. एकीकडे तो एक पट्टा तुळतुळीत, बाकी सगळं विस्कटलेलं. साहेबांनी तिच्याकडे बघून डोळे मिटले.

मोठे साहेब मैदानात चालत आले, गवतात उभे राहिले, आणि त्यांनी वर बघितलं. बराच वेळ वर बघितलं. "गळतीय कुठे?" त्यांनी विचारलं. साहेबांनी बोट दाखवलं. दोघांनी वर बघितलं. कागदवाल्यानेही वर बघितलं. मग मोठे साहेब गाडीत बसले आणि गेले. ते टाकी बघायला आले होते. टाकी वर असते. इतक्या वर्षांत जे जे पाहणीला आले ते सगळे टाकीच बघायला आले होते, आणि काकू त्यांच्यासाठी खालची जमीन खरवडत होती. हे लक्षात आल्यावर तिला हसावं की रडावं कळेना, म्हणून तिने उरलेलं मैदान कापून टाकलं.

घरी आली तेव्हा नणंदबाई रुमालाचे कोपरे धरून उभ्या होत्या.

"हे बघ," त्या म्हणाल्या. रुमालावर धूळ होती.

"ती पहिल्या पट्ट्याची," काकू म्हणाली. "ती माझी. नाकारत नाही."

"आणि नंतरची?"

"नंतरची आली का, ते तुमच्या शेजारी बसलेत त्यांना विचारा."

शिंपीकाकांनी चादर सोडली होती आणि कोटाला बटणं लावत होते. सकाळच्या ढगाची उबळ येऊन गेली होती, डोळे अजून ओले होते. पण नंतर सबंध मैदान कापून होईपर्यंत ते खिडकीतच बसले होते. नणंदबाईंनी रुमाल अंगणात झटकला, आत आणला, पुन्हा फळीवर पसरला. कोपरे सरळ केले.

"उद्या परत काप," त्या म्हणाल्या.

"उद्या कापायला काही नाही उरलं, वन्सं."

"मग उरेल तेव्हा. मी थांबते."

त्या थांबल्या. पुढचं तण वाढेपर्यंत थांबल्या. रोज सकाळी रुमालाला बोट लावायच्या, बोट बघायच्या आणि चहा घ्यायच्या. पुन्हा एकदा मैदान कापून झालं, तरी बोट स्वच्छ. त्या दिवशी त्यांनी रुमालाची घडी घातली.

"मैदान मात्र घाण दिसतं हं, वहिनी," त्या म्हणाल्या. "पूर्वी किती छान दिसायचं."

"दिसायचं," काकू म्हणाली.

रिकामी पिशवी परत नेऊ नये म्हणून शिंपीकाकांनी उरल्यासुरल्या पांढऱ्या कापडाचे उशांचे अभ्रे शिवून दिले. त्यांच्या गावी ते अजून वाळले नसतील.

शिंपीकाकांचा खोकला गेला असं काही नाही. इतकी वर्षं राहिलेला पाहुणा, असा एकदम कसा जाईल. पण आता तो सकाळी येऊन जातो, वाक्याच्या मध्ये शिरत नाही. डॉक्टरीणबाईंनी पाठीला नळी लावून ऐकलं आणि "हं" म्हणाल्या. पहिल्या वेळी त्या "हे बघा" म्हणाल्या होत्या.

जुनी चाकं काकूने फेकली नाहीत. शिंपीकाका कापड बेतताना ते सरकू नये म्हणून चार कोपऱ्यांवर चार ठेवतात. कोरं असतं ते दाराकडच्या कोपऱ्यावर, आल्यागेल्याला दिसेल असं. तो तुळतुळीत पट्टा मात्र पाऊस येईपर्यंत तसाच पिवळा राहिला, आणि त्याच्या दोन्ही बाजूंचं विस्कटलेलं गवत बुंध्याशी थोडंसं हिरवं.

काकू अजून संध्याकाळी उंबऱ्यात उभी राहते. पंपवाली येता-जाता विचारते, "काकू, काय बघता?"

"मुंगी."

"दिसते?"

"नाही. पण आहे तिथे."